जोडमाती

"ही कोरडी, ही ओली आणि ही जिवंत," असं म्हणत यास्मिननं काचेच्या तीन बरण्या आमच्यापुढे ठेवल्या, तेव्हा मी मनातल्या मनात जप करत होते. बरण्यांच्या पलीकडे टेबलावरच्या पेटीत ती बसली होती ना. पाल.

साधी भिंतीवरची पाल नव्हे. भिंतीवरच्या पाली आता उरल्यात कुठे? उन्हापायी घरं काचबंद झाली, तशा त्या गेल्या. ही दूरच्या कुठल्या बेटावरची, तुरेवाली. डोळ्यांवर पापण्यांसारखे बारीक काटे आणि अंगाचा रंग वाळलेल्या पिंपळपानासारखा.

"कुमुद, डोळे उघड," हे म्हणाले. "ती तुला खाणार नाही. केळं खाते. तुझ्या चातुर्मासात बसणारी पाल शोधून काढलीय मी."

यास्मिन बागवान त्या दुकानात माती बघायची. म्हणजे तिचं कामच ते. प्राणी विकणारे वेगळे, मातीचा सल्ला देणारी ही. तिशीतली, चुणचुणीत, नखांत माती. तिनं पहिली बरणी उघडली.

"यात नारळाचा काथ्या आणि वाळू. आठवड्याला काढायची, धुवायची, आणि पोटाचं औषध रोज ड्रॉपरनं पालीच्या तोंडात. दुसरी तयार खताची, पाचोळा, शेवाळ घातलेली. ही बरी आहे, पण महिन्याला तपासून घ्यावी लागते, मधूनमधून हातानं उकरावी लागते. आणि ही तिसरी जोडमाती."

"जोडते कशाला?" ह्यांनी विचारलं.

"पालीला. या पाली निर्जंतुक अंड्यांतून येतात, काका. पाळीव प्राण्यांमधून तो ताप पसरला होता ना, त्यानंतरचा कायदा आहे. अंगावर, पोटात एकसुद्धा जंतू नाही. ऐकायला छान वाटतं, पण पोटात जंतू नसले तर साधं केळं पचत नाही. मग ते काम आम्ही मातीला देतो."

तिनं समजावून सांगितलं ते मला इतकं कळलं, की त्या मातीत बुरशीचे केसांहून बारीक धागे असतात आणि त्या धाग्यांच्या आधारानं प्रयोगशाळेत घडवलेले जंतू राहतात. पाल घाण करते, ती घाण हे धागे फोडतात. त्यातून जंतू तिच्यासाठी पाचकरस आणि जीवनसत्त्वं तयार करतात. ती शेवाळावर ओल होऊन वर येतात आणि पाल ती चाटते. मिठाच्या कणाएवढे पांढरे किडे जादा बुरशी खाऊन टाकतात. ज्या पालीची माती, त्याच पालीच्या अंगाला ती हळूहळू जुळत जाते. तिला काय कमी पडतंय ते माती ओळखते आणि तेवढंच बनवते.

"म्हणजे अर्धी पाल काचेवर आणि अर्धी मातीत," हे म्हणाले.

"बरोबर बोललात. म्हणून एकदा जोडली की माती बदलता येत नाही. माती गेली की पाल गेली."

"लग्नासारखंच की."

"नाही काका, लग्नात निदान माहेरी तरी जाता येतं."

ह्यांना हसू आवरेना. हसता हसता धाप लागली, तशी यास्मिननं पटकन स्टूल पुढे सरकवलं. हे बसले, दम घेतला, आणि अगदी सहज विचारावं तसं म्हणाले, "समजा, घरात एकच माणूस आहे. आणि त्या माणसाला पालीला हात लावायची किळस येते. तर यांतली कुठली?"

यास्मिननं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच नसेल पाहिलं.

"मग तिसरीच घ्या. केळ्याचा गर बशीत ठेवायचा, पाणी फवारायचं. बाकी सगळं माती बघते."

"आणि जगते किती?"

"पंधरा-वीस वर्षं सहज."

"झालं तर मग. हीच."

ते एकटं माणूस म्हणजे कोण, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं. ह्यांच्या हृदयाचं पंपिंग फार कमी झालेलं होतं. डॉक्टरांनी वर्षं सांगितली नव्हती, आणि आम्ही विचारलीही नव्हती. आम्हाला मूलबाळ नाही. पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या ह्यांच्याकडे मी पाहिलं, आणि म्हणायचं ते न म्हणता एवढंच म्हटलं, "एखादा पोपट चालला नसता का?"

"पोपट बोलतो," हे म्हणाले. "तुला बोलायला कुणीतरी पाहिजे. बोलणारं नको, ऐकणारं पाहिजे. माझ्यासारखं."

"तुम्ही ऐकता?"

"बघ. पाल बरी की नाही?"

साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर ती आली आणि ह्यांनी तिचं नाव ठेवलं ठकी. हे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. त्यामुळे पेटीसुद्धा धरण बांधावं तशी बांधली. तळाला खडे, वर जाळी, त्यावर जोडमाती, एका कोपऱ्यात उतार. शेवाळ, दोन नाजूक नेचे, एक वाळकी फांदी. मातीत कंपनीची सुई खोचलेली. ती ओल, ऊब, आंबटपणा आणि मातीचा श्वास मोजायची. सगळं ठीक असलं की पेटीच्या कडेला हिरवा दिवा. काही विचारलं तर पेटी गोड आवाजात मराठीत उत्तर द्यायची.

महिन्याभरात माती जोडली गेली. पांढरे धागे काचेच्या कडेनं वर चढले. ठकी पहाटे खाली उतरायची, शेवाळाला जीभ लावायची आणि मग पुन्हा फांदीवर जाऊन दिवसभर पानासारखी पडून राहायची.

मी आधी त्या बाजूला बघतसुद्धा नव्हते. घरात पाल आणि समोर देव, मला कसंसंच व्हायचं. पण रोज एकाच वेळी दोघी उठत होतो. मी देवापुढे दिवा लावायची, ती खाली उतरायची. काही दिवसांनी मी केळं कुस्करायला लागले. मग वेलदोड्याचं केळं तिला जास्त आवडतं, हे माझ्या लक्षात आलं. मग एकदा ह्यांनी मला पेटीशी बोलताना पकडलं.

"काय सांगत होतीस?"

"काही नाही. एकादशी आहे म्हटलं."

"तिला कशाला एकादशी? ती जन्माची फलाहारी."

माझा नेम सासूबाईंनी दिलेला. रोज सकाळी बाळकृष्णाला ताम्हनात ठेवून पंचामृताचा अभिषेक. मग ते अभिषेकाचं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, तुळशीलाच घालायचं. आमच्या गॅलऱ्या काचबंद झाल्यावर तुळस काही तगेना. मग सोसायटीनं खाली आवारात एक वृंदावन बांधलं. मी रोज ताम्हन पदराखाली घेऊन लिफ्टनं खाली जायची आणि पाणी घालून यायची. हे कधी देवाला हात जोडत नाहीत. पण लिफ्टचं दार धरून उभे राहायचे.

आषाढात वृंदावनाच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं. माझा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी मला दुखत होतंच, पण मी रडत होते ते वेगळ्याच कारणानं. हे माझ्या उशाशी बसलेले. म्हणाले, "डॉक्टर म्हणतायत चालशील. का रडतेस?"

"देव पारोसा राहील."

हे म्हणाले, "मी करीन."

"तुम्ही?"

"धरणं बांधली, एवढं एक पाणी ओतता येणार नाही होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनच्या पडद्यावर हे उघडेबंब, कमरेला पंचा, कपाळाला भलामोठा टिळा, आणि हातात दह्याची वाटी. नर्सनं पाहून तोंडाला रुमाल लावला.

"आधी काय? दूध की दही?"

"दूध, दही, तूप, मध, साखर. सावकाश. डोळ्यांत जाईल त्याच्या."

"पितळेचा आहे तो, कुमुद."

"अहो!"

"बरं, बरं. डोळे झाकलेत त्याचे."

एवढी वर्षं मी ज्यांना 'एकदा तरी हात जोडा' म्हणत आले, ते रोज पूजा करत होते. आणि पूजा झाली की लगेच रिक्षा पकडून माझ्याकडे यायचे, संध्याकाळपर्यंत बसायचे. माझ्यासाठी साखर-खोबऱ्याचा प्रसाद पुडीत बांधून आणायचे. पलंगावर पडल्या पडल्या मला वाटायचं, पाय मोडला तो देवानं ह्यांच्यासाठीच मोडला. इतकी मी सुखात होते.

घरी आले ती अंथरुणावरच. वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालायचं, एवढीच परवानगी. बाहेरून ह्यांची घंटा ऐकू यायची. वेळेला नाही, सुराला नाही, पण यायची.

एके दिवशी हे खोलीत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"ठकी जेवत नाही गं."

"उन्हानं असेल."

"दोन दिवस केळं तसंच आहे. शेवाळ पण काळवंडलंय एका कोपऱ्यात."

"पेटीला विचारलंत?"

"ती म्हणते सगळं उत्तम."

पेटी खरंच तसंच म्हणत होती. ओल उत्तम, ऊब उत्तम, आंबटपणा मर्यादेत, हिरवा दिवा. आठवडाभर ती तेच म्हणत राहिली, आणि ठकीच्या शेपटीच्या मुळाशी हाडं दिसायला लागली. काचेच्या कडेचे पांढरे धागे विरले. ते मिठासारखे किडे तर ह्यांना भिंगातूनही दिसेनात. ह्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडूनही तोच गोड आवाज. "आपली पेटी उत्तम स्थितीत आहे. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

"हो," हे म्हणाले. "माणूस हवाय."

तेव्हा यास्मिन आली. तिनं दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मातीला नाक लावलं. मग थोडी माती चमच्यानं नळीत भरली.

"काका, माती मेलीय. का मेलीय ते तपासूनच कळेल. काही फवारलंत? मुंग्यांचं औषध, फरशीचं?"

"नाही बुवा. काहीच नाही."

"अहवाल पेटीवरच येईल. मालक म्हणून तुमचं नाव आहे ना, तुम्हालाच सांगेल ती."

ती गेल्यावर हे पेटीसमोर बसून राहिले. जेवायला बोलावलं तर दोन घास खाऊन उठले. म्हणाले, "मीच कुठंतरी चुकलो असणार. तू नव्हतीस, घरात मी एकटाच होतो. काय चुकलं ते एकदा कळू दे, म्हणजे झालं."

"तुम्ही कशाला चुकाल?"

"माझ्या माघारी तुला काही बघावं लागू नये म्हणून आणली ती. आणि मी असतानाच गेली तर काय उपयोग?"

आमच्या दोघांत हे आजवर कधी मोठ्यानं बोललं गेलं नव्हतं. बोलून हे स्वतःच दचकले. उठून आत गेले, आणि मला आतून त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. एकेक पायरी चढावी तसा.

त्यानंतरची एक संध्याकाळ. मला पायात जरा बळ वाटलं, म्हणून कुणाला न सांगता वॉकर घेऊन मी खोलीच्या दारापर्यंत आले. हे देवघराकडून ताम्हन घेऊन येत होते. दोन्ही हातांत, सांडू नये म्हणून जपून. पेटीचं झाकण त्यांनी कोपरानं वर केलं, आणि ताम्हनातलं पाणी हळूहळू, कडेकडेनं, मातीत घातलं.

"अहो, हे काय?"

"आलीस का चालत! वा!" त्यांचा चेहरा फुलला. मग हातातल्या ताम्हनाकडे पाहून जरा ओशाळले. "खाली-वर करणं मला झेपेना गं. लिफ्टपासून वृंदावनापर्यंत चालतानाच छाती भरून येते. मोरीत घालू नये म्हणालीस. म्हटलं, ही पण मातीच. जिवंत. त्यात झाडं आहेत. तुझा देव आणि माझी ठकी, दोघांची एकदमच सोय."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. सकाळी पूजा करून तुझ्याकडे पळायचो, तेव्हा ताम्हन तसंच राहायचं. संध्याकाळी आल्यावर निवांत घालायचो. तीच सवय लागली. का गं? चालत नाही का असं?"

मी ताम्हन पाहिलं. कडेनं हिरवट निळी रेघ आली होती. तळाला दह्याचा पांढरट थर, तोही हिरव्या झाकेचा. दही, मध, पाणी, दिवसभर तांब्याच्या भांड्यात. कळकलेलं. आमच्याकडे मुलगी दहा वर्षांची झाली की ताक तांब्यात ठेवू नये, हे तिला कुणी न सांगता कळतं. ह्यांना कुणी सांगायचं? ह्यांनी आयुष्यात ताम्हन घासलं नव्हतं. आणि मीही पडद्यावर दूध-दही सांगितलं, मधाचं सांगितलं, डोळ्यांत घालू नका म्हटलं. ताम्हन लगेच घासा, हे काही सांगितलं नाही. हे सांगायचं असतं, असं मनातच आलं नाही.

"चालतं की," मी म्हटलं. "पण आता मी उठलेय. उद्यापासून खुर्चीत बसून मीच करीन."

"बस तू आणखी थोडे दिवस. मला आवडायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेल्यावर मी यास्मिनला फोन केला. मी तिला ताम्हनाचं सांगितलं, दह्याचं सांगितलं.

"काकू," ती म्हणाली, "तांबं आमच्या यादीतच नाही. जंतुनाशकं आहेत, साबण आहे, कीटकनाशकं आहेत, पन्नास गोष्टी आहेत. पालीच्या पेटीत कुणी तांबं ओतेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सुई ते मोजतच नाही. म्हणून दिवा हिरवा."

"तुळशीला तर मी किती वर्षं घालतेय."

"तुमचं ताम्हन रोज घासलेलं असणार, आणि पाणी तासातासाचं शिळं नसणार. शिवाय तुळस उघड्यावर आहे, काकू. पाऊस पडतो, खाली झिरपतं, वाहून जातं. पेटी बंद आहे. आत गेलं ते गेलंच, बाहेर पडायला वाट नाही. तांबं मातीला चिकटून बसतं. थोडं थोडं करून साचतं. बुरशीला ते सोसत नाही, आणि त्या किड्यांना तर अजिबातच नाही."

"वरची माती बदलली तर? नवी घातली तर?"

"अर्धी पाल कापून नवी जोडल्यासारखं होईल."

"ठकीला तुमच्या केंद्रात नेलं तर?"

"नेता येईल. पण मातीतून काढल्यावर बहुतेक जातात. उगाच आशा नाही लावत, काकू."

नळाचा आवाज थांबला होता. मी घाईनं विचारलं, "तो अहवाल थांबवता येईल का? किंवा माझ्या नावानं पाठवा. ह्यांना नको."

"नाही येत. मशीनवरून थेट पेटीवर जातो तो. मालकाच्या आवाजालाच ती उत्तर देते. माझ्या हातात असतं तर... मी फक्त माती बघते, काकू."

त्या दिवशी पूजा मी केली. खुर्चीत बसून, देव्हारा पुढे ओढून. बाळकृष्ण हातात घेतला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तुझ्याच अंगावरून आलेलं पाणी ना रे ते? हे मी विचारलं नाही, असं नाही. पण तो लोण्याचा गोळा हातात धरून जसा रोज हसतो, तसाच हसत होता. मी पुढचं काही विचारलं नाही. दूध घातलं, दही घातलं. दुसरं काय करणार होते? पाणी स्टीलच्या भांड्यात काढून ठेवलं, आणि ताम्हन लगेच घासून पुसून पालथं घातलं. आता घासून काय, असं मनात आलं, तरी घासलं.

त्यानंतरचे दिवस मी पेटीच्या आवाजाकडे कान लावून काढले. ह्यांना सांगावं, असं रोज सकाळी ठरवायची. तोंड उघडायचं आणि ह्यांच्याकडे बघायचं, की तिथंच सगळं अडायचं. सांगून काय होणार होतं? ठकी वाचणार नव्हती. न सांगून काय होणार होतं? पेटी सांगणारच होती. मी काही केलं तरी, आणि काही नाही केलं तरी. वॉकर धरून एका खोलीतून दुसरीत जावं, एवढंच हातात.

ठकी आता फांदीवर चढत नव्हती. तळाशीच असायची.

शेवटी एका संध्याकाळी, मी वाती वळत होते आणि हे पेटीजवळ खुर्ची ओढून बसले होते, तेव्हा ती बोलली. तोच गोड आवाज.

"आपल्या मातीचा अहवाल आला आहे. ऐकायचा का?"

"सांग," हे म्हणाले.

"मातीत तांब्याचे क्षार अतिशय जास्त प्रमाणात आढळले आहेत. त्यामुळे बुरशी आणि जिवाणू मृत झाले आहेत. ही प्रक्रिया जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. मातीत तांबं बाहेरून, पाण्यावाटे आलं असण्याची शक्यता आहे."

हे पेटीकडे बघत राहिले. "तांबं?" ते म्हणाले. "आपल्या घरात कुठलं..."

त्यांची मान हळूहळू देवघराकडे वळायला लागली. ती पूर्ण वळायच्या आत मी म्हटलं, "मी घालत होते."

"काय?"

"अभिषेकाचं पाणी. मीच घालत होते त्यात. खाली जायचा कंटाळा यायचा."

"तू?"

"हो. तुम्ही आंघोळीला गेलात की. तुमचं बघून मला सुचलं नाही, माझं बघून तुम्हाला सुचलं असेल." काय बोलतेय, माझं मलाच कळत नव्हतं. वात वळता वळता बोटांत पिळली जात होती. "तुम्ही घातलंत ते चार दिवस. मी तर ती आली तेव्हापासून घालतेय."

"जुलैत तू दवाखान्यात होतीस, कुमुद."

"मशीनला उशिरा कळलं असेल."

हे माझ्याकडे बघत होते. धरणाचा नकाशा तपासताना बघायचे तसे, एक रेघही न सोडता. मी खाली मान घातली नाही. घातली असती तर सगळंच गेलं असतं. मी बघत राहिले त्यांच्याकडे, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं तेही मी पुसलं नाही.

"कंटाळा," शेवटी ते म्हणाले. "तुला. तुळशीला पाणी घालायचा."

"माणूसच आहे मी."

त्यांचा श्वास एकदा अडकला, मग सुटला. मी अर्धवट उठले, तर त्यांनी हातानंच बस म्हटलं. तोच हात बराच वेळ तसा हवेत राहिला. मग त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला.

"रागावू का तुझ्यावर?"

"रागवा."

त्यांनी प्रयत्न केला असावा. पण रागावता काही आलं नाही.

"उद्यापासून नको घालूस," ते म्हणाले.

"नाही घालणार."

"खाली मी येईन बरोबर. तू वॉकर धर, मी ताम्हन धरीन. मध्ये थांबत थांबत जाऊ."

"बरं."

पेटीनं पुन्हा विचारलं, "प्राण्याला केंद्रात पाठवायचं का? पाठवायचं असल्यास 'होय' म्हणा."

"काढताना जाईल का ती?" ह्यांनी विचारलं.

"शक्यता जास्त आहे."

"मग नको. इथंच राहू दे. आपल्या घरात."

"नोंद केली आहे," पेटी म्हणाली. "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

ती थोडा वेळ थांबली, आणि मग गप्प झाली. हिरवा दिवा तसाच होता. मी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावली. आत कोपऱ्यात ठकी हलली. एक पाय, मग दुसरा, मध्ये बराच वेळ थांबून. ती त्या काळ्या पडलेल्या शेवाळापर्यंत आली. भूक लागली की तिला तीच जागा माहीत होती. तिनं मान वाकवली आणि चाटायला सुरुवात केली. ह्यांचा हात काचेकडे गेला आणि काचेवरच राहिला. मी त्यावर माझा हात ठेवला. ती चाटत होती, आणि आम्ही बघत होतो.